कुसुमताईंचा पंचवीस नंबरचा दात

आमच्या दवाखान्यात दाताला हात डॉक्टर लावतात आणि दाताचा जबाब मी घेते. बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत मी एकही दात काढला नाही, भरला नाही, आणि स्वतःचे सोडले तर घासलासुद्धा नाही. पण पांढरकवड्याच्या आसपास कोणाच्या तोंडात काय आहे आणि काय नाही, हे मला पाठ आहे. लग्नाच्या पंगतीत समोरचा माणूस हसला की मला त्याचं नाव आठवत नाही, केसपेपर आठवतो. नवऱ्यानं मला एकदोनदा बजावून सांगितलं आहे की लोकांच्या तोंडाकडे असं बघू नये.

काम काय, तर केसपेपर लिहायचा, तोंडाचे फोटो काढायचे, एक्स-रेवर नाव टाकायचं, नागपूरच्या लॅबला चिठ्ठी करायची, बिल करायचं, आणि ज्याचा विमा असेल त्याच्या विमा कंपनीशी भांडायचं. शेवटचं काम पगारात धरलेलं नाही. ते मी आवडीनं करते.

दातांना नंबर असतात आणि ते सरळ एक ते बत्तीस नसतात. तोंडाचे चार भाग करायचे. पहिला आकडा भागाचा, दुसरा आकडा मधून मोजत गेलं तर कितवा दात त्याचा. म्हणजे चोवीस नंबर हा चोविसावा दात नव्हे, वरच्या डाव्या भागातला चौथा. हे मी रोज समजावते आणि रोज कोणीतरी माझ्याकडे संशयानं पाहतं. आर्णीकडचे एक आजोबा बिल हातात घेऊन परत आले होते. त्यांची खालची अक्कलदाढ काढली होती आणि बिलावर अठ्ठेचाळीस नंबर होता.

"बाई, माह्या तोंडात अठ्ठेचाळीस दात होते काय?"

"नाही आजोबा, तो नुसता नंबर आहे."

"मंग सत्तेचाळीसचे पैसे कोणाकून घेतले?"

मी त्यांना चार भागांची आकृती काढून दाखवली. त्यांनी ती चष्मा लावून नीट पाहिली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "डॉक्टरले बोलवा."

बाहेरच्या माणसाला एवढं कळलं तर पुढचं सोपं आहे. मधला एखादा दात गेला की दोन्ही शेजाऱ्यांच्या आधारानं त्या जागी नवा दात टांगतात. याला ब्रिज म्हणतात. जुन्या पद्धतीत शेजारचे दोन्ही दात चारी बाजूंनी कोरून बारीक करतात आणि वर पूर्ण टोपी घालतात. शेजारी धडधाकट असतील तर आमच्या डॉक्टरांच्या ते जिवावर येतं. मग ते नुसती चावायची बाजू आणि एखादा कोपरा कोरतात आणि त्यावर सिरॅमिकचं झाकण चिकटवतात. त्या झाकणाला ऑनले म्हणतात. दोन बाजूंना दोन ऑनले, मध्ये टांगता दात, तिन्ही मिळून एक नग. आमच्याकडे काही लोक त्याला कपबशीचा दात म्हणतात आणि गरम चहा चालेल का, एवढंच विचारतात.

घोळ होतो तो कागदावर. ऑनले एरवी किडलेल्या दातावर बसवतात आणि विमा कंपनीच्या माणसाला तेवढंच माहीत असतं. ब्रिजला आधार देणाऱ्या ऑनलेखाली कीड नसते, उलट नसते म्हणूनच तो बसवतात. पहिल्यांदा अशी केस आली तेव्हा मी बिलावर नुसतं "ऑनले, दोन" लिहिलं. रुग्ण निवृत्त मुख्याध्यापक, विमा मुलाच्या नोकरीतला. कंपनीचं पत्र आलं, की निरोगी दात कोरण्याचं कारण काय? गुरुजी ते पत्र घेऊन थेट डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "डॉक्टर, प्रश्न रास्त आहे. उत्तर मलाही ऐकायचंय." डॉक्टरांनी पाऊण तास समजावलं. बाहेर पेशंट ताटकळले, त्यातला एक दुखणं थांबलं म्हणून घरी निघून गेला.

तेव्हापासून मी तीन वेगळ्या ओळी लिहिते. या दाताला ब्रिजचा आधार म्हणून ऑनले, मधला टांगता दात, त्या दाताला आधार म्हणून ऑनले. सोबत कोरण्याआधीचा फोटो, एक्स-रे आणि अर्ध्या पानाचा खुलासा. कंपनीला दात कधी गेला तेही हवं असतं. तारीख विचारली की आमचे लोक म्हणतात, सोयाबीन निघालं तवा. कोणत्या वर्षी विचारलं की म्हणतात, ज्या वर्षी भाव नव्हता. मग मी पेन खाली ठेवते.

माझे नियम दोनच. जे केलं नाही ते लिहायचं नाही आणि जे केलं ते गाळायचं नाही. पहिल्या नियमाचं कौतुक सगळे करतात. दुसऱ्यानं मला चांगलंच अडचणीत आणलं, आणि तीच गोष्ट मला सांगायची आहे.

दाताचा रंग ठरवायला सोळा नमुन्यांची एक पट्टी असते. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो, म्हणून मी रुग्णाला दवाखान्याच्या पायरीवर उजेडात उभं करते आणि एकेक नमुना दाताजवळ धरते. समोर शेषरावचा पानठेला आहे. तिथे तंबाखू-सुपारीचा खर्रा घ्यायला थांबलेली मंडळी न विचारता मत देतात. "अजून जरासा पिवळा घ्या मॅडम, हा लयच उजळ हाय." खोटं कशाला बोलू, पुष्कळदा त्यांचं बरोबर निघतं.

पण त्या सोळा नमुन्यांत आमच्या भागातला रंग नाही. केळापूरच्या अंगाला काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. लहानपणी ते पाणी प्यायलेल्यांचे पक्के दात तपकिरी पट्ट्यांचे येतात, मधे खडूसारखे पांढरे ढग. कितीही घासा, जात नाहीत. माझं माहेर उमरखेडचं. तिकडे असे दात मी पाहिले नव्हते, त्यामुळे लग्न होऊन इकडे आले तेव्हा मला ते सगळं दुखणंच वाटायचं. अशा माणसाचा दात करायचा असला की मी लॅबच्या चिठ्ठीत पट्टीतला सगळ्यात उजळ नंबर लिहायचे. कोणी तक्रार केली नाही.

कुसुमताई अशाच एका गावच्या. शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवतात. "जय भीम मॅडम" म्हणत आत आल्या आणि पाठोपाठ त्यांची मुलगी अश्विनी. अश्विनी आमची जुनी पेशंट. सहा वर्षांपूर्वी कॉलेजात असताना स्कूटीवरून पडून तिचा पुढचा एक दात तुटला होता. बाकीच्या पट्ट्यांच्या दातांत एकच पांढरा उठून दिसला असता, म्हणून पुढचे सहाही सिरॅमिकनं झाकून दिले होते. छान दिसत होती. आता पुण्याला कंपनीत होती, कंपनीच्या विम्यात आईचे दातही होते, म्हणून सुटी काढून आईला घेऊन आली होती.

कुसुमताईंचा पंचवीस नंबर गेला होता. वरचा, डावीकडचा, हसलं की दिसणारा. शेजारचे चोवीस आणि सव्वीस ठणठणीत, रंग मात्र गावचा. डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, दोन ऑनले, मधे टांगता. मी पट्टी घेऊन त्यांना पायरीवर आणलं.

"काकू, पांढरा घ्या," अश्विनी म्हणाली. "सगळ्यात चांगला."

"पांढरा कायले?" कुसुमताई म्हणाल्या.

"आई, आता तरी एक चांगला दात बसव."

"बाकीचे काय वाईट हाय?"

"तसं नाही गं."

"मंग कसं? एकच दात पाहुण्यावाणी तोंडात घेऊन फिरू काय? मले बाजूच्यासारका पायजे. जसा हा हाय, तस्सा."

"बराबर हाय ताईचं!" ठेल्यावरून शेषराव ओरडला.

"तुम्ही गप्प बसा हो," अश्विनी म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. मला तिचंच पटत होतं, हे सांगून टाकते. मी कुसुमताईंना म्हटलंही, की ताई, पांढरा खुलून दिसेल. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बसवाचा कोणाच्या तोंडात हाय, मॅडम?"

आणखी एक अट त्यांनी घातली. "पोरीच्या पगारातून एक रुपया नाई. तिच्यावर घराचं कर्ज हाय. इमा देत असन तं करा, नाई तं राहू द्या. एका दातानं काई अडत नाई माहं." अश्विनीनं शपथेवर सांगितलं की विमाच देणार. डॉक्टरांनी त्याच दिवशी दोन्ही दात कोरले, माप घेतलं आणि वर कच्चं झाकण लावलं. ते तीन आठवडे टिकतं. तेवढ्यात कंपनीची मंजुरी आणि लॅबचा दात दोन्ही यायला हवं होतं.

पट्टीत तो रंग नाही म्हटल्यावर चिठ्ठीत काय लिहायचं? फोटो काढला, पण फोटोतला तपकिरी लॅबच्या कॉम्प्युटरवर निराळाच दिसतो. मग मी समोरच्या दुकानातून रंगीत पेन्सिली आणल्या, कागदावर तळहाताएवढा दात काढला आणि शेजारचा दात पाहून त्यावर एकेक पट्टा उतरवला. पट्टा कुठे सुरू होतो, कुठे फिका पडतो, ढग कुठे. कुसुमताई तासभर पायरीवर तोंड उघडून बसल्या. मधेच म्हणाल्या, "बाप्पा, झालं का वं? माशी जाईन तोंडात." शेषराव दोनदा येऊन चित्र पाहून गेला. त्याच्या मते डावीकडचा पट्टा जरा गडद हवा होता. पाहिलं तर खरंच हवा होता.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून फैयाजभाईंचा फोन. लॅबमध्ये सिरॅमिकचं काम तेच करतात.

"रेखाताई, ये क्या भेजा आपने? आजवर लोकांनी डाग काढायला सांगितले. डाग पाडायला कोणीच नाही."

"जमेल का?"

"जमेल का म्हणजे? तीस साल से बैठा हूँ, किसी ने पूछा तो!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "ब्रशचं काम आहे, भट्टीत एकदा जास्तीचं टाकावं लागेल. दोनशे रुपये वेगळे लागतील."

म्हणून मंजुरीच्या कागदात मी चौथी ओळ टाकली: शेजारच्या दातांप्रमाणे डाग रंगवणे. केलेलं गाळायचं नाही हा नियम. आणि वर माझं चित्र जोडलं. ते न जोडता सहज भागलं असतं. पण मला त्या चित्राचा अभिमान वाटत होता. बावीस वर्षांत विमा कंपनीला पाठवलेला तो माझा पहिला रंगीत कागद.

आठ दिवसांनी उत्तर आलं. चौथी ओळ आणि सोबतचं चित्र पाहता हे काम सौंदर्यवर्धनाचं आहे, सौंदर्यवर्धन पॉलिसीत बसत नाही, संपूर्ण दावा नामंजूर.

मी फोन लावला. पलीकडे एक तरुण अधिकारी होता, स्वतः दातांचा डॉक्टर, बोलायला अतिशय सभ्य. सभ्य माणसाशी भांडता येत नाही, ही माझी जुनी अडचण.

"मॅडम, रंगकाम आहे ना? मग ते कॉस्मेटिकच."

"साहेब, रंगकाम दात वाईट दिसावा म्हणून आहे."

"वाईट दिसावा म्हणून?"

"म्हणजे बाकीच्यांसारखा."

"त्यासाठी आमच्या सिस्टीममध्ये काही नाही, मॅडम. तुम्ही एक करा. पट्टीतला कुठलाही साधा रंग टाका आणि चौथी ओळ काढा. मी उद्या मंजूर करतो."

म्हणजे पांढरा दात हा उपचार आणि तपकिरी दात ही चैन! मी फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "रेखाताई, ती ओळ काढून टाका. फैयाज दोनशे रुपये सोडेल. दात हवा तसा करू, कागद साधा पाठवू. कोणाचं काय बिघडतं?" अश्विनीचा पुण्याहून फोन. "काकू, प्लीज, पांढराच करा. मी आईला समजावते." फैयाजभाई भट्टी पेटवायची थांबवून बसलेले. कच्च्या झाकणाच्या तीन आठवड्यांतला दीड आठवडा संपलेला. आणि हे सगळं माझ्या एका ओळीनं आणि एका चित्रानं केलेलं. मी गप्प राहिले असते तर एव्हाना दात बसला असता. दोन दिवस मी ताटातलं अर्धं तसंच ठेवलं. नवऱ्यानं विचारलं, दात दुखतो का? मी म्हटलं, माझा नाही.

शेवटी कुसुमताईंना फोन केला आणि सरळ कबूल केलं. "ताई, माझ्या लिहिण्यामुळे अडलंय."

"खोटं लिहिलं होतं काय?"

"नाही."

"मंग कायले घाबरून राह्यल्या?"

"पांढरा केला तर उद्या मंजूर होतंय."

"आन् नाई केला तं?"

"तर कच्चं झाकण निघेल. दोन कोरलेले दात उघडे पडतील, थंड-गरम लागेल. पुढे अश्विनीलाच पैसे भरावे लागतील."

मागे भांड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाल्या, "त्या साहेबाले माह्यासंग बोलाले लावा."

मी दोन दिवस त्या अधिकाऱ्याच्या मागे लागून व्हिडिओ कॉल ठरवला. कुसुमताई शाळेतली खिचडी वाढून, भांडी घासून दुपारी आल्या. बोटांना हळद तशीच होती. डॉक्टरांच्या खुर्चीवर बसल्या, मी मोबाइल धरला.

"नमस्कार ताई. जरा हसा बरं," अधिकारी म्हणाला.

"कायले?"

"दात बघायचे आहेत."

"मंग दात पाहाचे म्हणा. हासाले काई झालं काय?" आणि त्यांनी आ केला.

त्यानं पाहिलं, मान हलवली. मग अगदी मनापासून म्हणाला, "ताई, कंपनी तुम्हाला चांगला पांढरा दात द्यायला तयार आहे. तुम्हाला डागच काहून हवेत?" तो 'काहून' म्हणाला तेव्हा मला कळलं, पोरगा इकडचाच कुठला तरी आहे.

कुसुमताई सरळ होऊन बसल्या. "साहेब, मी शाळेत खिचडी वाढते. साठ-सत्तर लेकरं हायेत. साऱ्याईचे दात माह्यासारके. आता गावात फिल्टर लागला, लहान्याईचे चांगले येतीन. पण मोठ्याईचे तं येऊन गेले नं? मी वाढता वाढता त्याईच्यासंग हासते. ते बी हासतेत, तोंडावर हात न ठेवता हासतेत. उद्या मी पांढरा दात लावून गेली तं एखादं लेकरू इचारीन, मावशी, नवा काहून पांढरा लावला? मी काय सांगू त्याले? जुने खराब हायेत म्हून? म्हंजे तुहे बी खराब हायेत, असं सांगू?"

डॉक्टर औजारांचा ट्रे नीट लावत होते, तो आधीच नीट होता.

अधिकाऱ्यानं समोरचे कागद जवळ ओढले. मग म्हणाला, "मॅडम, हे खुलाशात लिहा. त्या बोलल्या तसंच लिहा."

मी तसंच लिहिलं, अवतरणचिन्हात, खाली इंग्रजीत अर्थ. एक शब्द बदलला नाही. तिसऱ्या दिवशी मंजुरी आली. दोन ऑनले मंजूर, टांगता दात मंजूर, चौथी ओळ कापली. नियमात बसत नाही म्हणून डागाचे दोनशे रुपये ते देणार नव्हते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या पोरानं त्याच्याकडून होतं ते केलं.

फैयाजभाईंचा नग आला. डॉक्टरांनी बसवला, जादाचं सिमेंट पुसलं आणि कुसुमताईंच्या हातात आरसा दिला. त्यांनी तोंड इकडून तिकडून फिरवून पाहिलं आणि विचारलं, "कोणता हाय?" मी फोटो काढला आणि शेवटचं बिल पाठवून दिलं. चार दिवसांनी कंपनीचं पुन्हा पत्र, या खेपेला दुसऱ्याच कोणत्या टेबलावरून. जोडलेल्या फोटोत कृत्रिम दात आढळत नाही, काम झाल्याचा पुरावा सादर करावा.

ते पत्र मी डॉक्टरांना वाचून दाखवलं. डॉक्टर सहसा हसत नाहीत, पण त्या दिवशी त्यांना हातातला पेशंट दोन मिनिटं थांबवावा लागला. फैयाजभाईंना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ताई, एक झेरॉक्स भेज दो, फ्रेम करून लावतो." मी एक्स-रे काढून पाठवला. एक्स-रेत सिरॅमिक लपत नाही. पैसे आले.

महिन्याभरानं कुसुमताई दाखवायला आल्या. दात छान बसला होता. जाताना माझ्या टेबलापाशी थांबल्या.

"समदं मंजूर झालं नं?"

"तीन ओळी झाल्या. डागाचे दोनशे कापले. ते आम्ही सोडले, ताई."

"सोडता कायले? कामच केलं नं फैयाजभाऊनं?" त्यांनी पिशवीतून शंभराच्या दोन नोटा काढून टेबलावर ठेवल्या. "दात पोरीच्या इम्याचा. डाग माहा. पावती द्या."

"पावतीवर काय लिहू?"

"जे हाय ते लिहा."

मी लिहिलं: डाग, पंचवीस नंबर, रुग्णाच्या मागणीवरून, रुपये दोनशे, रोख. सही केली, शिक्का मारला. त्यांनी मला ती दोनदा वाचायला लावली, मोबाइलनं तिचा फोटो काढला, पोरीला पाठवला आणि बस गाठायला निघून गेल्या. अशी पावती मी आयुष्यात एकच फाडली आहे आणि मी त्या दिवशी भलतीच खुशीत होते.

तासाभरात अश्विनीचा फोन आला. मला वाटलं, ती हसणार. हसलीही थोडी. "काकू, खरंच 'डाग' म्हणून पावती दिलीत?"

"केलं ते लिहिलं."

"तुमचा तो खुलासा मला पण मेलवर आला होता. आई बोलली तो." ती थांबली. "मी त्याच शाळेत होते, काकू. आईच वाढायची."

"हो गं."

"माझा एकच दात तुटला होता. बाकीचे पाच चांगले होते. असा रंग करता येतो, हे मला तेव्हा कोणीच कसं सांगितलं नाही?"

डॉक्टर आत होते. फोन कानाला तसाच ठेवून मी कपाटातून तिचा सहा वर्षांपूर्वीचा केसपेपर काढला. पाच दातांपुढे 'निरोगी' लिहिलेलं होतं. रंगाच्या रकान्यात सगळ्यात उजळ नंबर होता. डॉक्टरांनी तेव्हा मला विचारलं होतं, रंग कोणता? आणि मी तिच्याकडे न बघता सांगितला होता. सगळं अक्षर माझंच होतं, एकही ओळ गाळलेली नव्हती.

"काकू, आहात ना?"

"आहे," मी म्हटलं. "सांगणारी मीच होते, अश्विनी. मी तुला विचारलंच नाही."